बाबांची सकाळ आणि चुकलेलं विमान

जव्हारला रेल्वे स्टेशन नाही आणि विमानतळ तर नाहीच नाही. त्यामुळे रेल्वे बरी की विमान बरं, याबद्दल आमच्या घरात प्रत्येकाचं मत अतिशय ठाम आहे. आमचे यजमान पंचायत समितीत कारकून आहेत, पण घरात त्यांचा दर्जा मोठा, म्हणून मी त्यांना साहेबच म्हणते. साहेब विमानवादी. शाळेत असताना ते वसतिगृहातून पळून शिरपामाळावर जाऊन बसायचे. महाराजांचा मुक्काम पडला होता म्हणून लोक त्या माळावर डोकं टेकवायला येतात; आमचे साहेब तिथं डोकं वर करून विमानं मोजायचे. ते वेड पन्नाशीपर्यंत टिकलं, पण विमानात पाय काही पडला नव्हता.

मी रेल्वेवादी. साखरशेतच्या शाळेत मी पोरांना भूगोल शिकवते. नकाशावर बोट ठेवून ‘ही गंगा, हे ब्रह्मपुत्रेचं खोरं’ असं सांगता सांगता बोट झिजलं, पण नाशिकच्या पलीकडं मी काही पाहिलेलं नव्हतं. आता देश बघायचाच, तर तो खिडकीतून हळूहळू सरकताना बघायचा, असं माझं म्हणणं.

आम्हाला जायचं होतं गुवाहाटीला. तिथं माझी नणंद मंदा राहते. ती दवाखान्यात नर्स आहे. नऊ वर्षांपूर्वी तिनं तिथल्याच प्रांजल नावाच्या मुलाशी लग्न केलं आणि लग्न झाल्यावर पोशेऱ्याला, म्हणजे आमच्या गावी, फोन करून सांगितलं. माझे सासरे, म्हणजे बाबा, तेव्हापासून तिच्याशी बोललेले नाहीत. त्यांना जावई परमुलखातला आहे याचं काही नव्हतं. “कुठलाबी असंल. पन मांडव बापाच्या दारात नको?” एवढं एकच वाक्य ते नऊ वर्षं म्हणत होते. आम्ही गावी असताना फोनवर मंदाचं नाव दिसलं की फोन माझ्या हातात द्यायचे आणि गोठ्यात जायचे. बैल विकून चार वर्षं झाली होती, तरी गोठ्यात जायचे.

यंदा मार्गशीर्षात नागली झोडून झाली आणि एका सोमवारी संध्याकाळी बाबांचा मला फोन आला. “सूनबाय, तिकडं जाऊन येऊ म्हनतो येकदा.” तिकडं म्हणजे कुठं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. साहेबांना सांगितलं, तर ते ताटावरून उठले.

“विमान,” ते म्हणाले. “दुसरं काही नाही. बाबांचा होकार दोन दिवस टिकतो. रेल्वेला जवळजवळ तीन दिवस लागतात. भुसावळला उतरून परत फिरतील.”

“राग असा तीन तासांत उतरत नाही,” मी म्हटलं. “विमान खाली उतरेल, राग वरच राहील. मंदाच्या दारात जाऊन भांडण झालं म्हणजे?”

आमचा हा वाद बराच वेळ चालला. माझं म्हणणं असं की, नऊ वर्षांचा राग घेऊन निघालेल्या माणसाला मध्ये चार राज्यं लागली पाहिजेत. साहेबांचं म्हणणं असं की, चार राज्यं म्हणजे परत फिरायला चार संधी. मी भांडी घासत होते तेवढ्यात त्यांनी मोबाईलवर दुसऱ्याच दिवशी संध्याकाळच्या विमानाची तीन तिकिटं काढलीसुद्धा. तापल्या तव्यावर पोळी भाजून घ्यायची घाई, दुसरं काय.

मंगळवारी पहाटे पाचला साहेबांनी बाबांना फोन लावला. “बाबा, सकाळी दहाला गाडी घेऊन येतो. तयार राहा.”

“सकाल दहाला? बरा, बरा,” बाबा म्हणाले. “मंग आज मना येक काम उरकता येल.”

हे शेवटचं वाक्य साहेबांच्या कानावर पडलं, पण आत गेलं नाही. ते खिडकीजवळची जागा निवडण्यात गुंतले होते.

आमचा प्रवास उलटा सुरू झाला. विमान मुंबईला आणि आम्ही निघालो मोखाड्याच्या दिशेनं, कारण बाबा पोशेऱ्यात. ठरवलेल्या जीपचा ड्रायव्हर दोनदा म्हणाला, “सर, मुंबई तिकडं राहिली.” दहाला पोचलो, तर घराला कडी. अंगणात वाळत घातलेल्या नागलीवर दोन कोंबड्या निवांत जेवत होत्या. शेजारच्या सखूकाकू ओट्यावर पाय सोडून बसल्या होत्या.

“रानात गेला तुमचा बाबा,” त्या म्हणाल्या. “सांजचा येल. सकाल गावाला जायाचा हाय ना त्याला.”

“सकाळीच जायचं होतं, काकू. दहा वाजले.”

“आज नाय गो. सकाल. सकाल!” काकूंनी हात पुढं फेकून दाखवला, म्हणजे आजचा दिवस ओलांडून पलीकडं.

साहेब ओट्यावर टेकले. आमच्या पाड्यावर सकाल म्हणजे उद्या. सकाळला तिथं ‘उजाडताना’ म्हणतात. मी माहेरची नाशिककडची, मला हे ठाऊक नव्हतं तर चालण्यासारखं होतं. पण साहेब त्याच ओट्यावर लहानाचे मोठे झालेले. तीस वर्षं कचेरीत ‘सकाळी या’ असं लोकांना सांगून सांगून त्यांच्या जिभेवरची पोशेऱ्याची सकाळ पुसून गेली होती. आता मला असाही संशय येतो की, त्यांनी ‘सकाळी या’ म्हटलेले अर्धे लोक दुसऱ्या दिवशी आले असतील आणि वर ओरडा खाऊन गेले असतील.

बाबांचा फोन घरातच वाजत होता; पाड्यावरची पोरं हाका मारत रानात फिरून आली. बाबा मिळाले नाहीत. ते आपणहून दुपारी तीनला परतले. खांद्यावर हातभर लांबीचं काहीतरी होतं, ओल्या गोणपाटात गुंडाळून सुतळीनं घट्ट बांधलेलं.

“तुमी आजच आलात?” त्यांनी विचारलं आणि हातपाय धुवायला गेले.

विमान साडेपाचला उडणार होतं. साहेबांनी आभाळाकडं असं काही पाहिलं की मला त्यांची दया आली. खोटं कशाला बोलू, मला आतून आनंदही झाला होता.

पुढची विमानं आठवडाभर भरलेली. शेवटी बुधवारी दहाला साहेब स्वतः पाण्याच्या टाकीवर चढले, कारण पोशेऱ्यात नेटची रेंज तिथंच येते, आणि नाशिक रोडहून गुरुवारची तीन तत्काळ तिकिटं मिळवून खाली आले. बाबा सदरा-टोपी घालून दारात बसलेच होते. “सकाल झाली ना? गाडी कुठं हाय?”

“सकाल, बाबा! आता सकाल!” साहेब म्हणाले. तीस वर्षांनी त्यांच्या तोंडून तो शब्द निघाला आणि तोही चिडून.

गुरुवारी त्र्यंबकच्या रस्त्यानं नाशिक रोड गाठलं. वातानुकूलित डब्यात आम्हाला समोरासमोरच्या तीन जागा मिळाल्या. बाबांनी खिडकीची जागा घेतली आणि ते गोणपाटाचं बोचकं मांडीवर आडवं धरलं. त्याचं एक टोक माझ्या बरगडीत आणि दुसरं खिडकीच्या काचेला.

“बाबा, खाली ठेवा ना ते. काय आहे त्यात?”

“हाय काहीतरी.”

“काठी आहे का?”

“काठी असती तं टेकत आलो असतो.”

समोर एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ बसले होते. वीस वर्षं नाशिकच्या एका कारखान्यात होते, आता निवृत्त होऊन कटिहारला घरी चाललेले. त्यांना मराठी चांगलं समजत होतं, पण बोलायचे हिंदीतच. साहेबांनी त्यांना पहिल्या दहा मिनिटांत आमचं विमान कसं चुकलं ते सांगून टाकलं. त्यानंतर दर दोन तासांनी साहेब घड्याळ बघून जाहीर करायचे, “विमान असतं तर आत्तापर्यंत जाऊन परत आलो असतो.” परत येऊन काय करणार होतो, हे मी विचारलं नाही.

मी मात्र खिडकीला डोळे लावून बसले होते. जळगावच्या केळी, मग संध्याकाळचं ऊन. भुसावळ आलं तेव्हा साहेब डब्याच्या दारात जाऊन उभे राहिले, पहारा द्यायला. बाबांनी केळी घेतली, सोलली, खाल्ली आणि बसून राहिले. गाडी सुटली, तिनं तापीचं पात्र ओलांडलं. मी साहेबांकडं विजयी मुद्रेनं पाहिलं.

जेवायला मी डबा काढला. नागलीची भाकर आणि सुकटीची चटणी. डब्याचं झाकण उघडलं आणि त्या थंडगार, सुवासिक डब्यातली सभ्यता संपली. वरच्या बर्थवरच्या बाईंनी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. कटिहारचे गृहस्थ मात्र पुढं वाकले.

“ई तो मडुआ है!” ते भाकरीकडं बोट दाखवून म्हणाले. “और सूखी मछली! अरे वाह.”

नागलीला त्यांच्याकडं मडुआ म्हणतात. त्यांनी अर्धी भाकर मागून घेतली आणि डोळे मिटून खाल्ली. मग सांगू लागले की, त्यांच्याकडं जितिया नावाचं व्रत असतं. आई लेकरांसाठी पाण्याचा थेंबही न घेता उपास करते आणि आदल्या दिवशी मडुआची रोटी आणि मासे खाते.

बाबा एवढा वेळ ऐकत होते. तरुणपणी भिवंडीत कामाला असताना शिकलेली हिंदी त्यांनी बाहेर काढली. “माँ उपास करती. तो बाप क्या करता?”

गृहस्थांनी मिशीवरून हात फिरवला. हा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारला नसावा. “बाप?” ते म्हणाले. “बाप मछली लाता है.”

“बस?”

“और क्या करेगा बेचारा.”

बाबांनी मांडीवरचं बोचकं सारखं केलं. मंदा बारावीत असताना माझी सासू गेली. तेव्हापासून उपास करायला कुणी उरलं नव्हतं आणि मासे आणायचे कुणासाठी, हाही प्रश्नच होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही धुक्यात शिरलो. भूगोलाच्या पुस्तकात उत्तरेच्या मैदानावर हिवाळ्यात धुकं पडतं असं एका ओळीत दिलेलं आहे. ती ओळ मी पंधरा वर्षं शिकवली. तिचा अर्थ प्रयागराज गेल्यावर कळला. खिडकीबाहेर काहीही नव्हतं. मी देश बघायला रेल्वेचा आग्रह धरला होता आणि देशानं अंगावर गोधडी ओढून घेतली होती. “ढगात बसायचंच होतं, तर विमान काय वाईट होतं?” साहेब म्हणाले. 

दुपारी गाडी एका छोट्या स्टेशनात थांबली ती थांबलीच. मला डुलकी लागली. जागी झाले ते साहेबांच्या ओरडण्यानं.

“बाबा उतरले! बोचकं घेऊन उतरले!”

बाबांची जागा रिकामी होती. बोचकं नव्हतं. साहेब चपला न घालता धावले, त्यांच्यामागं मी, माझ्यामागं कटिहारचे गृहस्थ. फलाटावर दहा पावलांपलीकडं दिसत नव्हतं. साहेब धुक्यात “बाबा, बाबा” अशा हाका मारत होते आणि त्यांच्या आवाजात कारकून, साहेब, कुणीच उरलं नव्हतं. शिरपामाळावरचं पोरगं तेवढं होतं. मलाही पहिल्यांदा भीती वाटली. म्हातारा माणूस, अनोळखी मुलूख, आणि हा रेल्वेचा हट्ट माझा.

बाबा फलाटाच्या टोकाला, नळाखाली सापडले. बोचकं नळाखाली धरून गोणपाट भिजवत होते.

“काय करतोस तू?” साहेब म्हणाले. 

“पानी देतो. सुकला तं काय उपेग?”

 बाबांनी नळ बंद केला. मग माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले, “सूनबाय, ती दार उघडंल ना गो?”

 आम्ही दोघं चार दिवस बाबांच्या रागाचा हिशेब करत होतो. राग केव्हाच संपला होता, कदाचित पहिल्याच वर्षी. बाबा भ्यायले होते. नऊ वर्षं फोन न घेणाऱ्या बापाला लेक आता घरात घेईल का, एवढीच ती भीती होती, आणि ती आम्हा दोघांनाही दिसली नव्हती.

“उघडेल,” मी म्हटलं. “ती स्टेशनावरच येणार आहे.”

“स्टेशनवर?” बाबा दचकले. “मंग चला. गाडी सुटंल.”

गाडी आणखी दोन तास सुटली नाही, पण बाबा पुन्हा उतरले नाहीत.

कटिहारला मिशीवाले गृहस्थ उतरले. उतरताना बाबांचा हात हातात घेऊन म्हणाले, “बेटी को मेरा आशीर्वाद बोलिएगा.” त्यापुढं धुकं विरळ झालं. न्यू जलपाईगुडीनंतर चहाचे मळे लागले, एका उंचीला कातरलेले. बाबा बघत होते. “सगली झुडपं सारखीच? कापनारा मानूस पक्का हाय,” ते म्हणाले. सुपारीच्या बागा, तळी, तळ्यात जाळी घेऊन कंबरभर पाण्यात उभी माणसं. मी नकाशावरचं बोट अखेर उचललं.

गुवाहाटीला गाडी पोचली ती वेळेपेक्षा कितीतरी उशिरा, तिसऱ्या प्रहरी. मंदा फलाटावर उभी होती, ड्यूटीच्या पांढऱ्या कपड्यांतच. सकाळपासून आली होती. आपली खरी सकाळ, पोशेऱ्याची नव्हे. बाबा डब्यातून उतरले आणि बोचकं दोन्ही हातांनी छातीशी धरून तिच्यासमोर उभे राहिले.

“गाडीनं उशीर केला,” ते म्हणाले.

नऊ वर्षांचं खापर त्यांनी बिचाऱ्या गाडीवर फोडलं. मंदा हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली आणि म्हणाली, “बाबा, तू वाळला रे किती.” साहेब सामान मोजू लागले. आमच्याकडं तीनच पिशव्या होत्या, तरी त्यांनी त्या चार वेळा मोजल्या.

मंदाचं घर तिसऱ्या मजल्यावर. प्रांजल दारात उभा होता. त्यानं वाकून नमस्कार केला आणि त्याच्या आईनं बाबांच्या गळ्यात गामोसा (लाल काठांचं पांढरं सुती वस्त्र) घातला, पुढं तामूल-पान (कच्ची सुपारी आणि विड्याचं पान) ठेवलं. बाबांनी पाणीही न पिता विचारलं, “माती हाय का कुठं?”

गॅलरीत तुळशीची एक मोठी कुंडी होती, बाजूला एक रिकामा रंगाचा डबा. प्रांजल खाली जाऊन डबा वाळूनं भरून घेऊन आला. बाबांनी सुतळी सोडली. गोणपाटातून निघाली उंबराची फांदी, टोकाला चार हिरवी पानं अजून जिवंत. त्यांनी ती डब्यात रोवली, कंबरेच्या पिशवीतून हळद, कुंकू, सुपारी आणि मूठभर नागली काढली आणि फडक्यात घालून फांदीला बांधली.

मुहूर्तमेढ. लग्नघरात मांडवाचा पहिला खांब रोवतात ती. आमचं विमान चुकलं, त्या दिवशी बाबा ही तोडायला रानात गेले होते.

“आता झाला,” बाबा म्हणाले. “दार तुजा, मेढ बापाची.”

लग्न आधी, मांडव नऊ वर्षांनी, तोही तिसऱ्या मजल्यावर रंगाच्या डब्यात. कुठल्याही पंचांगात न बसणारं ते कार्य प्रांजलच्या आईनं आपल्या पद्धतीनं साजरं केलं. तिनं जिभेचा असा काही उंच, लांब स्वर काढला (तिकडच्या बायका शुभकार्यात असा आवाज करतात), की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. मंदा मेढीला खेटून बसली होती. 

दुसऱ्या दिवशी उजाडताना बाबा घरात नव्हते. साहेब पुन्हा चपला न घालता धावणार, तेवढ्यात दार उघडलं. प्रांजलच्या पुढं बाबा, हातात दोरीला लटकवलेला हातभर लांब रोहू. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तरी बाजारात कुणी जास्त घासाघीस केली, यावरून दोघं भांडत आले होते. मासा त्यांनी मंदापुढं ठेवला.

“बाप मासं आनतो,” ते म्हणाले. मंदाला काही कळलं नाही. त्या माशाचं तिनं टेंगा (आंबट रस्सा) केलं आणि बाबांनी दोनदा मागून खाल्लं.

आठ दिवसांनी परतीचं विमान. रजा संपली होती, म्हणून मीही हुज्जत घातली नाही. साहेबांनी हयातीत पहिल्यांदा मिळालेली खिडकीची जागा बाबांना दिली, ही गोष्ट त्यांच्या नावावर लिहून ठेवली पाहिजे. सुरक्षा तपासणीत बाबांच्या सदऱ्यातून चुन्याची डबी निघाली, ती उघडून, हुंगून परत मिळाली. विमान उडालं. साहेबांनी डोळे घट्ट मिटले आणि माझा हात धरला. चाळीस वर्षं खालून विमानं मोजणाऱ्या माणसाला वर गेल्यावर मळमळत होतं.

बाबा ढगांकडं बघत होते. जरा वेळानं घंटी वाजली, पट्टे बांधायला सांगितलं.

“काय झाला?”

“मुंबई आली, बाबा.”

“आली?” त्यांनी बाहेर बघितलं, मग माझ्याकडं. “येवढ्यात?”

 मुंबईहून जीप केली. भिवंडी, वाडा, मग घाट. विक्रमगडचा फाटा गेला, जव्हार गेलं, साहेबांना उलटी झाली, टायर पंक्चर झालं. पोशेऱ्याला पोचलो, तर विमानाला लागला त्याच्या दीडपट वेळ झाला होता. बाबा ओट्यावर टेकले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“पोरी,” ते मला म्हणाले, “मंदी जवलच होती गो. लांब तं आपुनच होतो.”

साहेब पाणी प्यायला आत गेले. मी तिथंच ओट्यावर बसून राहिले. रेल्वे की विमान, या वादात मी जिंकले होते की हरले होते, ते मला अजून सांगता येत नाही, आणि त्या वेळी विचारणारंही कुणी नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. मंदाचं नाव. बाबांनी सवयीनं फोन माझ्याकडं केला, मग हात मागं घेतला आणि स्वतःच कानाला लावला.

“पोचलो... हां, बरा हाय... मेढीला पानी घाल... मी ना? येतो ना. सकाल येतो.”

आतून साहेब ग्लास हातात घेऊन धावत बाहेर आले. “बाबा, कुठली सकाळ?”

बाबांनी त्यांना हातानंच गप्प बसवलं. लेक बोलत होती.